केकच्या मापाची गाडी

माणसं गाडी घेतात ती मायलेज बघून, रंग बघून, नाहीतर शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा बोटभर लांब आहे की नाही ते बघून. तपशीलराव गाडी घ्यायला निघाले ते काखोटीला पुठ्ठ्याचा एक भलामोठा रिकामा खोका मारून.

तपशीलराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. पाणीपुरवठा कचेरीत ते मीटर विभाग सांभाळतात आणि विचारलं त्यापेक्षा जास्त सांगतात, म्हणून कचेरीने त्यांचं हे दुसरं बारसं केलं. "किती वाजले?" असं त्यांना विचारलं तर ते वेळ सांगतात, घड्याळ किती पुढे आहे ते सांगतात, आणि ते पुढे का ठेवलं आहे त्याचा इतिहासही सांगतात. तोवर विचारणाऱ्याची बस गेलेली असते.

त्यांची पत्नी घरी केक करून विकते. केकबद्दल कोणाची तक्रार नाही. तक्रार असायची ती वाहतुकीबद्दल. स्कूटरवर पुढे तपशीलराव, मागे पत्नी आणि मधे केक. तिघांपैकी न घाबरणारा फक्त केक, आणि पडायचा तोही तोच. गेल्या खेपेला एका जोडप्याच्या लग्नाच्या वाढदिवसाला दुमजली केक पोचला, तेव्हा वरचा मजला खालच्या मजल्याच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपला होता. दुसऱ्या दिवशी यजमानांचा फोन आला, "चव अप्रतिम होती हो. फक्त फोटोत आम्ही सगळ्यांनी माना वाकड्या करून घेतल्या."

पत्नी त्या रात्री जेवली नाही. तपशीलराव जेवले, पण अपराधी चेहऱ्याने.

आणि अशातच ती मोठी ऑर्डर आली. नव्या सभागृहाचं उद्घाटन होतं. सभागृहाच्या मालकीणबाईंना तीन मजली केक हवा होता, खालून वरपर्यंत चढत जाणाऱ्या साखरेच्या वेलीसकट. बाई स्पष्टवक्त्या होत्या. "केक उभा आला तर वर्षभरातल्या सगळ्या समारंभांचे केक तुमचेच. आडवा आला तर तुम्हाला शुभेच्छा."

फोन ठेवून पत्नी म्हणाली, "अहो, स्कूटरवर तीन मजले चढत नाहीत. गाडी घ्यायची."

"घेऊ की. पुढच्या वर्षी—"

"उद्घाटन पुढच्या महिन्यात आहे."

नवी गाडी खिशाच्या बाहेर. लांबलचक गाडी इमारतीच्या फाटकात अडकणारी. अगदी चिमुकली घ्यावी तर डिकीत खोका जाणार नाही. तेव्हा घरातल्या दोघांनी आणि तळमजल्यावरच्या इंजिनिअरकाकांनी मिळून असा निर्णय घेतला, की प्रीमियम हॅचबॅक घ्यायची, आणि तीही वापरलेली. दोघांनी आणि काकांनी असं म्हटलं खरं, पण काकांना कोणी बोलावलं नव्हतं. इंजिनिअरकाकांनी उभा जन्म पंपाच्या कारखान्यात काढला होता, आणि या जगात जे जे म्हणून गोल फिरतं त्यावर आपला पहिला हक्क आहे असं ते मानत.

"प्रीमियम म्हणजे नक्की काय हो?" तपशीलरावांनी विचारलं. आयुष्यात त्यांनी फक्त विम्याचा प्रीमियम पाहिला होता आणि तो काही सुखद अनुभव नव्हता.

"गाडी तीच," काका म्हणाले. "दार लावलं की 'धडाम्' ऐवजी 'धुप्' वाजतं. त्या 'धुप्'चे पैसे."

मग शोध सुरू झाला. तपशीलरावांची पद्धत साधी होती. ते बॉनेट उघडायला सांगत नसत, किती चालली हे विचारत नसत. थेट मागे जात, "जरा डिकी उघडता?" म्हणत आणि खोका आत ठेवून बघत. विक्रेते आधी हसत, मग घाबरत. एका विक्रेत्याने हळूच पत्नीला विचारलं, "ताई, साहेबांना त्या खोक्यात नक्की काय न्यायचंय?" पत्नी म्हणाली, "ते विचारू नका, फार मोठं उत्तर मिळेल." त्याने त्यानंतर गाडीची किंमत एकदम उतरवली आणि यांनी लवकर जावं अशी इच्छाही व्यक्त केली. पण त्या गाडीत खोका चार बोटं बाहेर राहत होता.

शेवटी एका दंतवैद्यांची गाडी सापडली. गाडी गडद निळी, स्वच्छ, आणि दंतवैद्यांसारखीच किंचित औषधाचा वास मारणारी. डॉक्टर उंच, शिडशिडीत, आणि समोरच्याच्या डोळ्यांऐवजी तोंडाकडे बघून बोलायची त्यांची सवय.

"खोका कशाला?" त्यांनी विचारलं.

तपशीलरावांनी खोका कशाला ते सांगितलं. वाढदिवसापासून सांगितलं. ते ऐकून होईपर्यंत इंजिनिअरकाकांनी खिशातून लोहचुंबक काढलं होतं. अपघात झालेल्या गाडीला रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते आणि तिथे चुंबक चिकटत नाही, हे ज्ञान त्यांना कुठूनतरी नुकतंच प्राप्त झालं होतं. त्यांनी चुंबक पुढच्या बंपरला लावलं. ते टपकन खाली पडलं. मागच्या बंपरला लावलं. तिथेही पडलं.

"संपूर्ण लांबी!" काका गरजले. "डॉक्टर, ही गाडी पुढून आणि मागून, दोन्हीकडून ठोकलेली आहे!"

"बंपर प्लॅस्टिकचे असतात," डॉक्टर थंडपणे म्हणाले. "सगळ्या गाड्यांचे."

काकांनी चुंबक उचलून खिशात टाकलं आणि आकाशाकडे बघत "पूर्वी लोखंडाचे असायचे" असं म्हटलं. पंपांचा काळ किती चांगला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

इकडे खोका डिकीत असा बसला, जणू गाडी आधी खोक्याभोवतीच बांधली होती. पत्नीच्या डोळ्यांत चमक आली. पण अजून तिची परीक्षा बाकी होती. तिने पिशवीतून एक वाडगा काढला, डॉक्टरांच्या नळाखाली काठोकाठ भरला आणि नवऱ्याच्या हातात दिला. "तुम्ही मागे बसा. मी चालवते. पाणी सांडलं नाही तर गाडी आपली."

डॉक्टर तिच्या शेजारी बसले. मागे वळून त्यांनी तपशीलरावांच्या हातातला वाडगा पाहिला आणि सवयीने म्हणाले, "गुळणी करायचीय? थांबा, आधी गाडी उभी राहू दे."

पत्नीने भावाच्या गाडीवर हात बसवलेला होता. तिने वळणं अशी घेतली, की पाण्यावर नुसता तरंग उठला आणि मिटला. खड्डा आला, गाडीने तो गिळला. तपशीलराव श्वास रोखून वाडग्याकडे बघत राहिले. आयुष्यात मीटरमधल्या पाण्याखेरीज कुठल्याच पाण्याकडे त्यांनी इतकं लक्ष दिलं नव्हतं. गाडी परत दारात येऊन थांबली. एक थेंबही सांडला नव्हता. तेव्हा आनंदाने तपशीलराव "घेतली!" म्हणून उठायला गेले, डोकं छताला आपटलं आणि सगळा वाडगा त्यांच्या पँटवर रिकामा झाला.

"हे गाडीच्या खात्यात धरायचं नाही," पत्नी म्हणाली.

त्या पँटवर ते तसेच घरी आले. जिन्यात ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यांना त्यांनी खुलासा दिला, आणि जितका दिला तितका संशय वाढला.

आता उरलं फक्त कर्ज. 'फक्त' हा शब्द तपशीलरावांचा. बँकेत कर्जाच्या टेबलावर एक हसतमुख बाई बसत. या घरात त्यांचं नाव पुढे कर्जबाई पडलं. जाताना पत्नीने बजावलं होतं, "अहो, विचारतील तेवढंच सांगा. हो किंवा नाही."

"गाडी घरगुती वापरासाठीच ना?" कर्जबाईंनी विचारलं.

इथे 'हो' म्हणणारा माणूस संध्याकाळी कर्ज घेऊन घरी जातो. तपशीलराव म्हणाले, "गाडी घरगुती. पण केक व्यावसायिक."

कर्जबाईंचं पेन थांबलं. "म्हणजे मालवाहतूक?"

"माल म्हणजे... नाजूक माल."

फाइल मालवाहतुकीच्या टेबलावर गेली. तिथल्या गृहस्थांनी गाडीला किती चाकं आहेत आणि ट्रॉली जोडणार का ते विचारलं. एका आठवड्याने पत्नी स्वतः बँकेत गेली. तिने कर्जबाईंना शांतपणे सांगितलं, की आम्ही दोघं माणसं आहोत, आम्हाला गाडीतून जायचंय आणि जाताना मांडीवर काय घ्यायचं ते आमचं आम्ही बघू. फाइल पुन्हा घरगुती झाली. कर्ज मंजूर झालं.

मंजूर झालं म्हणजे मिळालं, असा भोळा समज तपशीलरावांचा अजून शिल्लक होता.

"गाडी नावावर करण्याची पावती आणा, की मी लगेच पैसे डॉक्टरांच्या खात्यात टाकते," कर्जबाई म्हणाल्या.

गाडी नावावर करून देणारे नोंदणीचे एजंट म्हणाले, "विमा तुमच्या नावाचा आणा, की लगेच पावती देतो."

विमावाले म्हणाले, "डॉक्टरांच्या सहीचं विक्रीपत्र द्या, की लगेच विमा."

डॉक्टर म्हणाले, "पैसे खात्यात दिसू देत, की लगेच सही."

चारही माणसं सज्जन. चौघांचंही 'लगेच' तयार. पण आधी कोण, हा प्रश्न आला की प्रत्येकाचं बोट शेजाऱ्याकडे. तपशीलरावांनी स्कूटरवरून या चौघांना इतक्या प्रदक्षिणा घातल्या, की एजंटाच्या दारातलं कुत्रं त्यांच्यावर भुंकायचं सोडून शेपूट हलवायला लागलं. इंजिनिअरकाकांचा सल्ला असा, की पंप हवा धरतो तेव्हा त्यात आधी वरून थोडं पाणी ओतावं लागतं. सल्ला उत्तम होता, फक्त पाणी कोणात ओतायचं ते ते सांगेनात.

उद्घाटनाचा दिवस तोंडावर आला. तीन मजल्यांचे साचे ओट्यावर मांडलेले, साखरेची पानंफुलं ताटांत वाळत पडलेली. तपशीलराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि पडेल आवाजात म्हणाले, "अगं, मालकीणबाईंना कळवून टाकू का? नाही जमत म्हणून?"

पत्नीच्या हातात क्रीमची पिशवी होती. तिने एका ताटलीवर क्रीमचे चार ठिपके काढले. "हे डॉक्टर. हे विमावाले. हे एजंट. या कर्जबाई." मग एकाकडून दुसऱ्याकडे रेघ ओढत ती पहिल्या ठिपक्यावर परत आली आणि ताटलीकडे बघत राहिली. "अहो, हे चौघं एकमेकांना कधी भेटलेत का?"

"कशाला भेटतील?"

"उद्घाटनाच्या दिवशी सकाळी चौघांना घरी बोलवा. म्हणावं, केकची चव बघायला या. आणि येताना आपापला कागद घेऊन या. डॉक्टरांना म्हणावं, गाडीतूनच या."

कर्जबाई आधी म्हणाल्या की ग्राहकाकडे खाणं नियमात बसत नाही. मग त्यांना आठवलं की कर्जदाराच्या घराची पाहणी करणं नियमात बसतं, आणि पाहणीत नाकाने वास घेणं, जिभेने चव घेणं हे ओघानेच येतं. त्या सगळ्यांच्या आधी हजर झाल्या.

गोल टेबलाभोवती चौघं बसले. मधोमध चॉकलेटचा छोटा केक, अजून न कापलेला. प्रत्येकाच्या हातात आपापलं 'लगेच' तयार: डॉक्टरांकडे विक्रीपत्र आणि उघडलेलं पेन, विमावाल्यांकडे आणि कर्जबाईंकडे फोन, एजंटाकडे पावती आणि शिक्का.

"मी तीन म्हटलं की प्रत्येकाने आपलं काम करायचं आणि उजवीकडच्याला द्यायचं," पत्नी म्हणाली. "एक, दोन, तीन!"

सगळ्यांनी डावा हात कागद घेण्यासाठी पुढे केला. उजवा कोणीच हलवला नाही. चार सुशिक्षित माणसं एकमेकांकडे हात पसरून बसली. तपशीलरावांच्या मनात आलं, की फोटो काढायचा तर आत्ताच.

"गिअर अडकलाय," दारातून इंजिनिअरकाकांचा आवाज आला. याही वेळी त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. "एक दात ढिला करा, सगळं चक्र फिरेल."

"दाताचं मला सांगू नका," डॉक्टर म्हणाले. पण त्यांची नजर केकवर होती. पत्नीने ती हेरली. तिने सुरी उचलली आणि केक कापला. आतून चॉकलेटचा पाक संथपणे बाहेर आला आणि ताटलीवर पसरला.

"डॉक्टर, तुम्हाला गोड चालत नसेल ना?" तिने अगदी निरागसपणे विचारलं. "रोज लोकांना नको म्हणून सांगता."

डॉक्टरांच्या घशाची घाटी वर गेली, खाली आली. "लोकांना सांगतो," ते हळू आवाजात म्हणाले. "कोणी सांगणार नसेल तर—"

"इथलं कोण सांगतंय?"

"मोठा तुकडा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सही ठोकली.

मग काय विचारता! विमावाल्यांची बोटं फोनवर नाचली, विमा झाला. एजंटाने एवढ्या जोरात शिक्का मारला की कपबश्यांनी टाळ्या वाजवल्या. कर्जबाईंनी पावती उजेडात धरून पाहिली, चष्मा सारखा केला आणि फोनवरचं बटण दाबलं. पडद्यावर एक छोटंसं वर्तुळ गरागरा फिरायला लागलं. फिरतच राहिलं. कोणी हलेना. डॉक्टरांचा घास तोंडाशी थांबला. इंजिनिअरकाकासुद्धा गप्प होते. काहीतरी गोल फिरत असताना त्यांना सल्ला सुचला नाही, असं हे पहिल्यांदाच घडत होतं.

टिंग! डॉक्टरांचा फोन वाजला. त्यांनी आकडा वाचला, किल्ली खिशातून काढली आणि पत्नीच्या हातावर ठेवली. खोलीत असा जल्लोष झाला, की वरच्या मजल्यावरून कोणीतरी "निकाल लागला का?" म्हणून ओरडून विचारलं.

"आणि हे बघा," डॉक्टर तोंड पुसत म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं भेटली म्हणून माझ्याकडून एक भेट. कालच बसवून घेतली. चला खाली."

सगळी वरात खाली गेली. डॉक्टरांनी अभिमानाने डिकी उघडली. आत, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत, एक काळाकभिन्न गाण्याचा स्पीकर ठाण मांडून बसला होता.

"आवाज असा येतो, की छातीत धडधडतं," डॉक्टर म्हणाले.

तपशीलरावांच्या छातीत आवाजाविनाच धडधडत होतं. इंजिनिअरकाकांनी पाना आणला आणि पहिल्याच झटक्यात पानाच वाकवला. स्पीकरला हातही लावू नका, असं पत्नीने सगळ्यांना बजावलं, कारण डॉक्टरांचा चेहरा पडायला लागला होता. "फार सुंदर आहे," ती त्यांना म्हणाली, आणि मग नवऱ्याकडे वळून, "केक पुढच्या सीटवर बसेल. तुम्ही मागे."

"मी? कर्ज माझ्या नावावर आहे."

"कर्ज पडलं तरी मोडत नाही."

दुपारी तीन मजली केक वाजतगाजत खाली आला. सीट मागे कललेली, म्हणून काकांनी खाली टॉवेलांच्या घड्या घालून पातळी साधली, आणि ती मात्र अशी अचूक साधली की पत्नीने त्यांना तिथेच एक पेस्ट्री दिली. गाडी सुरू केली तर टुंग-टुंग-टुंग असा गजर. समोर दिवा लागलेला: प्रवाशाने पट्टा लावलेला नाही.

"कोणी नाही लावला?" तपशीलरावांनी आपला पट्टा चाचपला.

"केकने," पत्नी म्हणाली. गाडी प्रीमियम होती. सीटवर वजन आलं की तिला माणूस वाटायचा. केकला अलगद पट्टा बांधला, तेव्हा गाडीचं समाधान झालं.

रस्ताभर तपशीलराव मागून दोन्ही हातांनी खोका कवटाळून बसले होते. "वळण," ते म्हणत. "दिसतंय," ती म्हणे. "खड्डा." "दिसतोय." "अगं, कुत्रं!" "अहो, ते फुटपाथवर आहे!" एका चौकात सिग्नल लागला तेव्हा ती आरशातून त्यांच्याकडे बघून हसली. इतकं मोकळं तिला हसताना त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. त्यांना काहीतरी बोलावंसं वाटलं, पण तपशील सुचेनात.

सभागृहाच्या फाटकात दरवान पुढे आला. मागच्या सीटवर पुरुष, पुढे बाई गाडी चालवतेय, शेजारी पट्टा बांधलेला खोका: त्याने क्षणभर विचार केला आणि मागच्या खिडकीला कडक सलाम ठोकला. आज पहिल्यांदाच कोणीतरी तपशीलरावांना गाडीचा मालक मानलं होतं. त्यांनी मान किंचित कलवून सलाम स्वीकारला.

चार माणसं धावत आली, केक हातांवर उचलून तोलत आत घेऊन गेली. पत्नी बरोबर गेली. तपशीलरावांनी उतरण्यासाठी दार उघडायला घेतलं. ते उघडलं नाही. दुसरं ओढून पाहिलं. तेही नाही. डॉक्टरांना नातवंडं होती, आणि मागची दारं आतून उघडू नयेत अशी सोय त्यांनी करून ठेवली होती. तपशीलरावांनी काच ठोठावली. दरवानाने पुन्हा सलाम केला.

ते मागे टेकून बसले. सभागृहातून आधी गलबला ऐकू आला, मग शांतता. मग एकदम टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि तो थांबेचना. कोणीतरी "वा! वा!" म्हणत होतं. मालकीणबाईंचा खणखणीत आवाज बाहेरपर्यंत आला, "वर्षभर, हं! आता मागे हटायचं नाही!" बंद गाडीत एकटेच बसलेले तपशीलराव जोरजोरात टाळ्या वाजवायला लागले. दरवान चपापून जवळ आला, आत डोकावला, आणि साहेबच वाजवतायत म्हटल्यावर त्यानेही दोन वाजवल्या.

बऱ्याच वेळाने पत्नी आली. केसांना मैदा लागलेला, चेहरा फुललेला. ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि मागे बघून दचकली.

"अहो, तुम्ही इथेच? आत का नाही आलात?"

तपशीलरावांकडे कारण होतं. कुलुपाचं होतं, नातवंडांचं होतं, दरवानाचंही होतं. त्यांनी त्यातलं एकही सांगितलं नाही.

"उभा होता?" त्यांनी विचारलं.

"ताठ! एक पानसुद्धा हललं नाही." तिने किल्ली फिरवली. "पुढे या ना आता. सीट रिकामी आहे."

"नको," तपशीलराव ऐसपैस होत म्हणाले. "तू चालव. आणि अगं, लांबच्या रस्त्याने घे."